हाकेपासून नोंदीपर्यंत : मराठवाड्यातील लघुनामे व टोपणनावे यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

घरात लाडाने किंवा सवयीने वापरले जाणारे लघुनाम अथवा टोपणनाव हेच बालकाचे अधिकृत नाव होणे, ही मराठी समाजातील जुनी व व्यापक प्रथा आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रथेचा इतिहास मराठवाड्याच्या, विशेषतः पैठण तालुक्यातील पाचोड परिसराच्या संदर्भात मांडला आहे. लघुनाम मुळात हीन नसते. त्याला जोडलेला प्रत्यय आणि ते नोंदवणारा हात यांवरून त्याची प्रतिष्ठा ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे. नाव नोंदवण्याचा क्षण शाळाप्रवेशाकडून जन्मनोंदणीकडे सरकल्यामुळे या प्रथेचे स्वरूप बदलले आहे, हेही येथे दाखविले आहे.

बीजसंज्ञा : लघुनाम, टोपणनाव, आदरप्रत्यय, शाळेचे रजिस्टर, जन्मनोंदणी, मराठवाडा.

१. प्रस्तावना

पाचोड हे पैठण तालुक्यातील, धुळे-सोलापूर महामार्गावरचे बाजारपेठेचे गाव होय. मोसंबीच्या बाजारासाठी ते मराठवाड्याबाहेरही परिचित आहे. या परिसरातील विद्यार्थी जून-जुलै महिन्यांत महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीपाशी येतो, तेव्हा त्याच्या हातातील कागदपत्रांत एकाच माणसाची दोन-तीन नावे आढळणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘बाळू’ असते, तर आधारपत्रावर ‘बाळासाहेब’. आजोबांचे नाव शाळेच्या जुन्या नोंदीत ‘सखा’ आणि सातबाऱ्यावर ‘सखाराम’ असते. ‘हे दोघे एकच कशावरून?’ असा प्रश्न खिडकीपलीकडून येतो आणि विद्यार्थी निरुत्तर होतो. त्याच्या दृष्टीने हा प्रश्नच नसतो. आजोबांना सारे गाव सखाच म्हणत होते.

या छोट्याशा प्रसंगामागे नामकरणाचा मोठा इतिहास आहे. मराठी माणसाला परंपरेने एकापेक्षा अधिक नावे असतात. जन्मनक्षत्राच्या चरणाक्षरावरून येणारे नावरस नाव, बाराव्या दिवशी बारशाला आत्याने कानात सांगितलेले पाळण्यातले नाव आणि घरादाराच्या तोंडी रुळलेले हाकेचे नाव, अशा तीन पातळ्या त्यात सामान्यतः दिसतात. यांपैकी कोणते नाव दप्तरात जाईल, हे नेहमी आईवडिलांच्या हाती नव्हते. अनेकदा तिसरे, म्हणजे हाकेचे नावच नोंदीत गेले आणि तेच आयुष्यभराचे नाव ठरले.

नामाभ्यासात आजवर व्युत्पत्ती, दैवतवाचक नावे व आडनावे यांकडे अधिक लक्ष दिले गेले. लघुनाम हे मूळ नावाचे अपभ्रष्ट रूप मानून बाजूला ठेवण्याची प्रवृत्ती राहिली. वास्तविक, लघुनामाच्या प्रवासात कुटुंबव्यवस्था, जात, शासनव्यवहार आणि शिक्षण या चारही घटकांचे धागे गुंतलेले आहेत. म्हणून हा विषय इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घेणे आवश्यक वाटते.

२. उद्दिष्टे, गृहीतक व पद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) मराठीतील लघुनामांच्या घडणीची प्रक्रिया समजून घेणे.
२) लघुनामे अधिकृत नावे कशी बनली, याचा ऐतिहासिक शोध घेणे.
३) नोंदणीव्यवस्थेतील बदलांचा या प्रथेवर झालेला परिणाम तपासणे.

‘लघुनामाची प्रतिष्ठा त्याच्या लांबीवर अवलंबून नसून ते कोणी, कोणत्या प्रत्ययासह नोंदवले यावर अवलंबून असते’, हे या लेखाचे गृहीतक आहे. ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करून संतपरंपरा, मराठेशाहीतील व्यक्तिनामे, आधुनिक काळातील प्रसिद्ध व्यक्तींची नावे आणि नोंदणीविषयक कायदे यांचा आधार घेतला आहे. परिसरातील नावांचा उल्लेख केवळ नमुना म्हणून केला आहे. कोणाही खाजगी व्यक्तीची माहिती येथे दिलेली नाही.

३. नाव लहान करण्याचे व्याकरण

नाव लहान करणे हा केवळ जिभेचा आळस नव्हे, हे प्राचीन वैयाकरणांनीही ओळखले होते. पाणिनीच्या अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात अनुकंपा, म्हणजे माया व्यक्त करणाऱ्या प्रत्ययांची चर्चा आहे. माणसाचे नाव लांब असल्यास त्याचा उत्तरभाग गाळून प्रत्यय जोडावा, असा नियम तेथे येतो. ‘देवदत्त’ या नावापासून ‘देविक’, ‘देविय’, ‘देविल’ अशी रूपे त्याप्रमाणे सिद्ध होतात. अर्थात, प्रेमाने नाव आखूड करण्याची रीत नियमबद्ध व्हावी इतकी ती फार पूर्वीच रूढ झाली होती.

मराठीतही हीच प्रक्रिया दोन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात मूळ नाव आटते. विठ्ठलाचा विठू किंवा विठा, महादेवाचा महादू, ज्ञानदेवाचा ग्यानू, सदाशिवाचा सदू, तुकारामाचा तुका आणि पांडुरंगाचा पांडू होतो. स्त्रियांच्या नावांत रुक्मिणीची रखमा, कौसल्येची कौसा, गोदावरीची गोदा, भागीरथीची भागू होते. दुसऱ्या टप्प्यात या आटलेल्या रूपाला पुन्हा प्रत्यय लागतो. -बा, -जी, -राव, -पंत, -बाई हे प्रत्यय आदर दाखवतात; -ऊ जवळीक दाखवतो; आणि -या हा प्रसंगानुसार सलगी किंवा तुच्छता दाखवतो. आई मुलाला ‘राम्या’ म्हणते तेव्हा त्यात वात्सल्य असते. मालक गड्याला ‘राम्या’ म्हणतो तेव्हा त्यात अधिकार असतो. रूप तेच, पण ते उच्चारणारा बदलला की अर्थ पालटतो.

या प्रत्ययांची वाटणी सामाजिक उतरंडीपासून अलिप्त नव्हती. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे आणि शूद्राचे नाव जुगुप्सादर्शक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. प्रत्यक्ष लोकव्यवहार या वचनाप्रमाणे तंतोतंत चालला असे म्हणता येणार नाही. तथापि, नाव हे दर्जाचे चिन्ह मानण्याची दृष्टी त्यातून स्पष्ट होते. मराठीत ही दृष्टी मूळ नावापेक्षा त्याच्या शेपटात, म्हणजे प्रत्ययात अधिक प्रमाणात उतरली.

४. संतपरंपरा : लघुनामाची प्रतिष्ठा

पाचोडचे तालुक्याचे ठिकाण असलेले पैठण हे संत एकनाथांचे (१५३३-१५९९) गाव. ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत १५८४ मध्ये सिद्ध करणारा हा पंडित अभंगांच्या शेवटी स्वतःचा निर्देश ‘एका’ असा करतो आणि त्यास गुरू जनार्दनस्वामींचे नाव जोडतो. विद्वत्ता आणि कुलीनता दोन्ही असताना त्यांनी लघुनाम स्वीकारले, ही बाब लक्षणीय आहे.

ही रीत त्यांच्यापूर्वीच वारकरी परंपरेत रुजली होती. नामदेव स्वतःला ‘नामा’ म्हणवतात, जनाबाई ‘जनी’ म्हणवतात, चोखामेळा ‘चोखा’ म्हणवतात. नामदेवांच्या चार पुत्रांची नावे परंपरेने नारा, विठा, गोंदा आणि महादा अशी सांगितली जातात. ही नावे अनुक्रमे नारायण, विठ्ठल, गोविंद व महादेव यांची लघुरूपे आहेत, हे उघड आहे. एकाच घरातील चारही मुले इतिहासात लघुनामांनीच ओळखली जातात, हा या प्रथेचा बोलका पुरावा होय.

वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या संत बहिणाबाईंचे (१६२८-१७००) नाव आणखी एका प्रकाराचे उदाहरण आहे. ‘बहीण’ हा नात्याचा शब्दच तेथे नाव झाला आहे. बाबा, दादा, भाऊ, अक्का, माई हे शब्द पुढे ज्या विपुलतेने नावे म्हणून रूढ झाले, त्याची ही पूर्वखूण मानता येईल.

भक्तीच्या क्षेत्रात लघुनाम हे देवाशी असलेल्या जवळिकीचे द्योतक होते. विठ्ठलच जेथे ‘विठोबा’ आणि ‘विठू’ होतो, तेथे भक्ताने आपले नाव पूर्ण उच्चारावे असा आग्रह राहत नाही. नामा आणि चोखा यांच्या जातीत अंतर होते, परंतु त्यांच्या नाममुद्रेच्या रूपात अंतर नव्हते. ही समता मात्र अभंगापुरती राहिली. दप्तरापर्यंत ती पोहोचली नाही.

५. मराठेशाही : प्रत्ययाने मिळणारा मान

मराठेशाहीतील अनेक कर्त्या पुरुषांची नावे तपासली असता त्यांच्या मुळाशी लघुरूपच आढळते. महादजी शिंदे (मृत्यू १७९४) यांच्या नावात ‘महादेव’ आटून ‘महाद’ झाला आणि त्यास ‘जी’ लागला. तुकोजी होळकर, कान्होजी आंग्रे, राघोजी भोसले ही नावे याच घडणीची आहेत. रघुनाथरावांना ‘राघोबादादा’ म्हटले जाई. तेथे लघुरूप, आदरप्रत्यय आणि नात्याचा शब्द असे तिन्ही घटक एकत्र आले. पानिपतच्या (१७६१) मोहिमेचे सेनापती सदाशिवराव हे ‘भाऊसाहेब’ या नावानेच बखरीच्या शीर्षकात आले.

टोपणनाव हे पुढील पिढ्यांचे विधिवत नाव कसे होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘शाहू’ हे होय. छत्रपती संभाजी महाराजांच्या पुत्राचे नाव आजोबांवरून ‘शिवाजी’ असे होते. १६८९ मध्ये ते मोगलांच्या कैदेत गेले आणि तेथे ‘शाहू’ हे नाव रूढ झाले, असे परंपरा सांगते. १७०७ मध्ये सुटका झाल्यानंतर तेच नाव छत्रपतींचे नाव म्हणून स्थिर झाले. पुढे १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, तेव्हा त्यांचे विधिवत नाव ‘शाहू’ असे ठेवण्यात आले. परक्याच्या छावणीत रूढ झालेले नाव पावणेदोनशे वर्षांनी राजघराण्याने आवर्जून निवडले.

दृष्ट लागू नये किंवा मूल जगावे म्हणून ठेवल्या जाणाऱ्या नावांचीही हीच गोष्ट आहे. आधीची अपत्ये दगावली असता पुढच्या मुलास धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू, कडूबा अशी नावे ठेवली जात. मृत्यूलाही हे मूल नकोसे वाटावे, असा त्यामागचा भोळा हेतू असे. ही नावे केवळ खालच्या मानलेल्या जातींतच होती, हा समज बरोबर नाही. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशवे यांचे नाव ‘धोंडोपंत’ होते. स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू महर्षी कर्वे (१८५८-१९६२) यांचे नाव ‘धोंडो’ होते. धोंडा तोच, परंतु एका घरात तो ‘धोंडोपंत’ झाला आणि दुसऱ्या घरात ‘धोंड्या’ राहिला. मूल जगावे ही आईची इच्छा दोन्ही घरांत सारखीच होती.

६. दोन नावे : ‘बाळ’ आणि ‘भिवा’

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन नावे या विवेचनाच्या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

१८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचे पाळण्यातले नाव ‘केशव’ होते. ते घराण्यातील पूर्वजाचे नाव होते. घरात मात्र त्यांना ‘बाळ’ म्हणत आणि तेच नाव कायम झाले. ‘बाळ गंगाधर टिळक’ हे नाव आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की त्यातील ‘बाळ’ हे मुळात लहान मुलाला मारलेल्या हाकेचे रूप आहे, याचा विसर पडतो. बालपणीचे टोपणनाव देशाच्या राजकारणात मिरवताना त्यांना कधी कमीपणा आला नाही.

दुसरे नाव साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील शासकीय हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाने प्रवेश घेतला. रजिस्टरातील १९१४ या अनुक्रमांकावर त्याचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नोंदले आहे. ‘भिवा’ हे भीम या नावाचे बोलीतील रूप. पुढे जगाने त्यांना भीमराव आणि बाबासाहेब म्हणून ओळखले. त्यांच्या शाळाप्रवेशाचा हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो.

दोन्ही ठिकाणी घरातली हाकच प्रचारात आली. भेद पडतो तो पुढच्या प्रवासात. ‘बाळ’ या नावाला समाजाने लहान राहू दिले, कारण ते धारण करणाऱ्याचा सामाजिक दर्जा प्रश्नांकित नव्हता. ‘भिवा’ला मात्र ‘भीमराव’ व्हावे लागले. ज्या समाजाला -राव हा प्रत्यय सहजी मिळत नव्हता, त्या समाजासाठी पूर्ण नाव धारण करणे ही स्वाभिमानाची कृती होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध कुटुंबांत गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता, संघमित्रा ही नावे झपाट्याने रुजली. धोंड्या-कचऱ्याच्या नामपरंपरेला दिलेले ते उत्तर होते. औरंगाबादमध्ये १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेल्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि मराठवाड्यातील कित्येक घरांत ते मुलांचेही नाव झाले, हा योगायोग नव्हे.

७. निजामी मराठवाडा आणि शाळेचे रजिस्टर

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तेथील महसुली दप्तरात उर्दू व मोडी यांचा वापर होता आणि व्यक्तीचा निर्देश स्वतःचे नाव, ‘वल्द’ आणि बापाचे नाव असा केला जाई. मुंबई इलाख्यात त्याच जागी ‘बिन’ येत असे. आडनाव अनेकदा नोंदलेच जात नसे. अशा नोंदीत ‘राणू वल्द भिका’ एवढाच मजकूर असला, तरी गावच्या पाटील-पटवाऱ्याला माणूस ओळखता येई. नोंद गावापुरती होती आणि गाव माणसाला ओळखत होते. त्यामुळे लघुनामाने काही अडत नव्हते.

जन्माच्या नोंदीतही मुलाचे नाव असेलच असे नव्हते. बापाचे नाव लिहून पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच नोंद पुरेशी मानली जाई. परिणामी, मुलाचे नाव प्रथम लिहिले जाई ते शाळेच्या प्रवेश रजिस्टरात, वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी. तोवर हाकेचे नाव चांगले मुरलेले असे. पालक निरक्षर, गुरुजींच्या समोर पटावर भरायची मुले, आणि ‘नाव काय?’ या प्रश्नाला मूल सांगेल ते उत्तर. बाळू, बंडू, बबन, लहानू, छबू, चिमा, ठकू ही नावे अशा रीतीने अधिकृत झाली. जन्मतारखेचेही तसेच झाले. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने एका पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. ज्या लेखणीने तारीख दिली, तिनेच नावही दिले.

याच प्रदेशात उलट दिशेची प्रक्रियाही घडली. बाबासाहेब, रावसाहेब, भाऊसाहेब, अण्णासाहेब, आप्पासाहेब, दादाराव, बापूराव, नानासाहेब ही मुळात आदरार्थी संबोधने. औरंगाबाद, जालना, बीड आणि लगतच्या अहमदनगर पट्ट्यात ती सर्रास पाळण्यातली नावे झाली. जालना मतदारसंघाचे १९९९ ते २०२४ या काळात लोकसभेत प्रतिनिधित्व करणारे रावसाहेब दादाराव दानवे यांच्या नावात स्वतःचे व वडिलांचे अशी दोन्ही नावे याच प्रकारची आहेत. रयत शिक्षण संस्थेचे (१९१९) संस्थापक भाऊराव पाटील यांच्या नावातही नात्याचाच शब्द आहे.

यामागील एक कारण कुटुंबरचनेत सापडते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची प्रथा होती. परंतु सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, असाही दंडक होता. मग आईने मुलाला हाक मारायची कशी? तिने त्याला बाबा, आबा, बापू, नाना, दादा म्हटले. आईची ती अडचण मुलाचे नाव बनली. दुसरे कारण प्रतिष्ठेचे आहे. ‘रावसाहेब’ ही ब्रिटिश अमदानीत दिली जाणारी पदवी होती. शेतकरी बापाने मुलाचे नावच ‘रावसाहेब’ ठेवले, की त्याला हाक मारणाऱ्या प्रत्येकाला ‘साहेब’ म्हणावेच लागे. प्रत्यय वरून मिळण्याची वाट न पाहता तो पाळण्यातच बांधून टाकण्याचा हा मार्ग होता.

स्त्रियांच्या वाट्याला ही संधी आली नाही. लग्नानंतर नाव बदलण्याच्या प्रथेमुळे माहेरची ठकू सासरी निराळ्याच नावाची होई. शाळेत न गेलेल्या मुलीचे लघुनाम कोणत्याच दप्तरात राहिले नाही. ते माहेरच्या माणसांबरोबर संपले. जी नावे नोंदीत राहिली, त्यांतील काही वेदनादायक आहेत. मुलगाच हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ‘नकोशी’ किंवा ‘नकुशा’ असे नाव ठेवले जाई. ‘कचरू’ या नावामागे मूल जगावे ही इच्छा होती. ‘नकोशी’ या नावामागे मूल नको ही इच्छा होती. दोन्ही नावे वरवर सारखी दिसली, तरी त्यांचे हेतू परस्परविरुद्ध आहेत. सातारा जिल्हा परिषदेने ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींचे नव्याने नामकरण केले. एका नोंदीने लादलेले ओझे दुसऱ्या नोंदीने उतरवण्याचा तो प्रयत्न होता.

८. नोंदीचा क्षण बदलतो

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. या कायद्याने जन्माची नोंद बंधनकारक झाली. नाव न लिहिता जन्म नोंदवता येतो आणि नाव नंतर दाखल करता येते, अशी तरतूद त्याच्या चौदाव्या कलमात आहे. बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्कासह दाखल करता येते. तथापि, ग्रामीण भागात बराच काळ शाळेचे रजिस्टरच निर्णायक राहिले. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मात्र परिस्थिती पालटली. त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांत जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे.

या बदलाचा नामकरणावर होणारा परिणाम सूक्ष्म, परंतु दूरगामी आहे. पूर्वी हाक आधी आणि नोंद नंतर असा क्रम होता. सहा वर्षे हाक मारून मारून जे नाव टिकले, तेच लिहिले गेले. आता नोंद आधी आणि हाक नंतर असा क्रम झाला आहे. त्यामुळे आज जन्म प्रमाणपत्रावर दिसणारे लघुनाम हे सवयीचे फळ नसून पालकांनी जाणीवपूर्वक केलेली निवड असते. शंभू, शिवबा, जिजा, माऊली, ओवी, तनू, मनू ही नावे आज पूर्ण नावे म्हणूनच ठेवली जातात. ‘शंभू’ हे नाव ठेवताना त्याचा आधार ‘संभाजी’ हाच असतो. पण ‘संभाजी’ लिहून ‘शंभू’ म्हणण्याऐवजी ‘शंभू’च लिहिले जाते.

ही प्रवृत्ती केवळ आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये ‘जॅक’ हे ‘जॉन’चे घरगुती रूप. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००८ पर्यंत इंग्लंड व वेल्समधील नवजात मुलग्यांच्या नावांत तेच अग्रस्थानी होते. फरक एवढाच की, तेथे लघुनाम निवडणाऱ्या पालकाच्या मागे दप्तराच्या लेखणीने मुलाचे नाव आखूड केल्याची आठवण असेलच असे नाही. मराठवाड्यात ती आठवण ताजी आहे. म्हणूनच येथे एक विसंगती दिसते. ज्याच्या आजोबांना ‘सखा’चे ‘सखाराम’ करून घेण्यासाठी धडपडावे लागले, तो तरुण आपल्या मुलाचे नाव दोन अक्षरी शोधत असतो. त्याला लघुनामाची लाज वाटत नाही, कारण ते त्याने स्वतः निवडलेले असते.

९. नाव पुरावा होते तेव्हा

जुन्या लघुनामांचा प्रश्न मात्र संपलेला नाही. उलट, तो अधिक तीव्र झाला आहे. महाराष्ट्रात जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी यांसाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात. म्हणजेच आजच्या विद्यार्थ्याचा हक्क आजोबा-पणजोबांच्या शाळेतील किंवा महसुली दप्तरातील नोंदीवर उभा असतो. त्या नोंदीत आहे ‘सखा’ आणि वंशावळीत आहे ‘सखाराम’.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्याचे काम तिच्याकडे प्रथम आले. त्यानिमित्ताने उर्दू व मोडी दप्तरे पुन्हा उघडली गेली. आरक्षणाच्या प्रश्नावर मतभेद असू शकतात आणि तो या लेखाचा विषय नाही. परंतु त्या दप्तरांतील आडनाव नसलेली, दोन-तीन अक्षरी नावे वाचताना हजारो कुटुंबांना आपल्या पूर्वजाची हाक शोधावी लागली, हे नाकारता येत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने ‘आमच्या आज्याला राणू म्हणायचे’ असे सांगितले, तर ती माहिती केवळ आठवण राहत नाही. ती वंशावळीतील दुवा ठरते.

येथे महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका येते. आपण प्रवेश, परीक्षा व शिष्यवृत्तीच्या अर्जांवर स्वाक्षऱ्या करतो. नावातील तफावत दिसताच ‘दुरुस्त करून आणा’ असे सांगणे सोपे असते. परंतु ‘बाळू’ हे ‘बाळासाहेब’चे चुकीचे रूप नव्हे. ते त्याच नावाचे आधीचे, अनेकदा अधिक खरे रूप असते. दुरुस्तीच्या नावाखाली जुनी नोंद नाहीशी झाली, तर पुढच्या पिढीच्या हातातील धागा तुटतो. ‘उर्फ’ हा आपल्या दप्तरातील जुना शब्द या बाबतीत उपयुक्त आहे. तो दोन्ही नावांना जागा देतो आणि कोणालाही खोटे ठरवत नाही.

१०. निष्कर्ष

१) लघुनाम हे मराठीत मूळ नावाचे भ्रष्ट रूप नसून नामघडणीचा नियमित टप्पा आहे. महादजी, तुकोजी, राघोजी यांसारखी प्रतिष्ठित नावे लघुरूपावरच उभी आहेत.

२) नावाचा मान त्याच्या लांबीत नसून प्रत्ययात व नोंदवणाऱ्याच्या दृष्टीत राहिला. ‘धोंडोपंत’ आणि ‘धोंड्या’ यांतील अंतर हे भाषेचे नसून समाजाचे आहे.

३) मराठवाड्यात शाळेच्या रजिस्टराने हाकेचे नाव कायम केले. त्याच काळात आदरार्थी संबोधने पाळण्यातली नावे झाली. या दोन्ही प्रक्रिया एकाच विषम व्यवस्थेला दिलेले निरनिराळे प्रतिसाद आहेत.

४) जन्मनोंदणीमुळे नोंद हाकेच्या आधी येऊ लागली. म्हणून आजचे लघुनाम ही निवड आहे, तर कालचे लघुनाम हे बहुधा लादलेले होते.

५) जुन्या लघुनामांना आज पुराव्याचे मूल्य आले आहे. त्यांचे जतन, गावपातळीवरील मौखिक माहितीचे संकलन आणि मोडी व उर्दू वाचकांचे प्रशिक्षण या गोष्टी महाविद्यालयांनी हाती घेण्यासारख्या आहेत.

समारोप

साताऱ्याच्या रजिस्टरातील ‘भिवा’ या नोंदीवर नंतर कोणी ‘भीमराव’ लिहिले नाही, हे बरे झाले. ती नोंद जशीच्या तशी राहिली म्हणून त्या नावापासून पुढच्या नावापर्यंतचे अंतर आज मोजता येते. पाचोडसारख्या गावांतील शाळांच्या जुन्या रजिस्टरांतही अशीच असंख्य नावे पडून आहेत. त्यांपैकी प्रत्येक नाव प्रथम कोणीतरी अंगणात उभे राहून मारलेली हाक होती. ती हाक ऐकण्याइतका वेळ आपण प्रवेश खिडकीपाशी काढला, तर विद्यार्थ्याचे काम होईल आणि इतिहासाचेही.